गरोदरपणात बीपी वाढलं तेव्हा… अनुभव लिहा

रानजाई
काल आतेबहिणीच्या डोहाळजेवणाला गेले होते. कासारीण हिरवा चुडा भरत होती. साबण लावूनही बांगडी अंगठ्याच्या बुंध्याशी अडली. "पहिलटकरीण आहे, सूज यायचीच," असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या पोटात गोळा आला. २०१७ मध्ये माझी अंगठी अशीच रुतली होती. बत्तिसावा आठवडा, डोकं दोन दिवस ठणकत होतं आणि मी बाम चोळून झोपत होते. बीपी १७०/११०, लघवीत प्रथिनं. त्याच संध्याकाळी अॅडमिट. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइड, मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम. चौथ्या दिवशी सिझर, लेक १४०० ग्रॅमची.
बहिणीला ओटी भरल्याबरोबर दवाखान्यात नेलं. १५०/९६ निघालं, गोळ्या सुरू झाल्या. तुम्हाला पहिल्यांदा काय जाणवलं होतं?

कोकणची_सून
मॅग्नेशियम!! अंगात उकळतं पाणी सोडल्यासारखं. सिस्टर सारख्या गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या, लघवी मोजायच्या. वैताग यायचा. औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघा उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो, हे नंतर कळलं.

शेवंती७
मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे ९ तारखेला तपासणी असते, पण लावणीच्या दिवसांत बायका येत नाहीत. एका ताईला पोटात जळजळतंय म्हणून घरी ओवा देत होते. दुखत होतं उजव्या बरगडीखाली, तेही या बीपीचंच लक्षण. १०८ बोलावली. ताई वाचली, बाळ गेलं. त्या घरावरून जाताना अजून पाय जड होतात.

रानजाई
शेवंतीताई, तुम्ही होतात म्हणून ती वाचली.

निळाई
माझं नऊ महिने १२०/८०. बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. आई म्हणाली, जागरण झालंय. नवऱ्याने बळेच नेलं, १६४/१०८. डिलिव्हरीनंतरही होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाळंतिणींनो, पुढचे सहा आठवडे डोकेदुखी अंगावर काढू नका.

पुणेरी_आई
मीठ बंद करायचं का गं? सासूबाईंनी लोणच्याची बरणीच वर ठेवली आहे 😄

कोकणची_सून
मीठ बंद केल्याने हा आजार टळत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. नेहमीचं जेव. लोणच्याची एखादी फोड चालेल का ते तुझ्या डॉक्टरांना विचार. कैरीचं आहे का? आमच्याकडे यंदा आंबाच उशिरा आला.

पुणेरी_आई
लिंबाचं, उपासाचं. विचारते 🙏

ऋतुजा_म
पहिल्या वेळी ३० व्या आठवड्यात सिझर, बाळ ४० दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). काचेतून बोट आत घालायचे, लेक ते घट्ट धरायचा. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून अॅस्पिरिनची छोटी गोळी दिली, रोज रात्री. ३८ आठवडे निघाले. सगळ्यांना चालतेच असं नाही, विचारूनच घ्या.

निळाई
रानजाई, घरी मोजायला मशीन कोणतं घेतलंस?

रानजाई
दंडाला बांधायचं घेतलंय, मनगटाचं नको म्हणाले. पाच मिनिटं टेकून बसायचं, मग मोजायचं, वहीत लिहायचं. आज सकाळी बहिणीचं १३६/८८. चुडा देव्हाऱ्यात ठेवलाय, तिचे हात उतरले की भरू. फोन येतोय तिचा, थांबा.