तिसरीचा वर्ग: कुटुंबवृक्षाच्या रिकाम्या चौकटी आणि ‘मी बीडचा, भारताचा नाही’

रानजाई:
तिसरीला ‘मी, माझं घर, माझा देश’ हा भाग घ्यायचा आहे. पट 31. सहा मुलांचे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेत, मुलं आजीजवळ असतात. दोघांना वडील नाहीत. कुटुंबवृक्षाचा छापील तक्ता दिला की ही मुलं चौकटीवर हात ठेवून बसतात. दुसरी अडचण अशी: ‘तू कुठला?’ विचारलं तर ‘बीडचा’. ‘मग भारताचा?’ तर ‘नाही, बीडचा’. हाताशी सहा तासिका आहेत. कसं घ्यावं?

पाटीपेन्सिल:
ताई, छापील तक्ता आधी बाजूला ठेवा. चौकट रिकामी राहिली की मुलाला वाटतं, आपल्या घरातच काही कमी आहे. त्याऐवजी प्रत्येकाला कोरा कागद द्या. मधोमध स्वतःचं चित्र. मग प्रश्न विचारायचे: सकाळी कोण उठवतं? ताप आला तर उशाशी कोण बसतं? भाकरी कोण थापतं? ज्याचं नाव येईल त्याचं चित्र भोवती काढायचं. तोडीला गेलेले आईवडील कागदाच्या कडेला, लांब. पण त्यांच्याकडे जाणारी रेघ पक्कीच काढायला सांगा. तुटक रेघ मुलाला खुपते.

नात्यांसाठी एक अख्खी तासिका ठेवा, कारण मराठीत इथे खूप सापडतं. काका, मामा, आत्या, मावशी: नुसत्या शब्दावरून बाजू कळते, आईकडची की वडिलांकडची. वर्गात कुणी ‘खाला’, ‘फुफी’ म्हणत असेल किंवा बंजारा घरातलं मूल आईला ‘याडी’ म्हणत असेल, तर फळ्यावर मावशी-आत्या-आईच्या शेजारी तेही शब्द त्याच आकारात लिहा.

जुने फोटो मागवू नका, सगळ्यांच्या घरी नसतात. चित्रं भिंतीवर लावताना फक्त पहिलं नाव. आडनावावरून जात शोधणारे पालक असतात. पूर्ण नाव लिहायला शिकवताना आईचं नावही घ्या. राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांची नावं सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव अशीच लिहितात.

डब्यातडबा:
‘बीडचा, भारताचा नाही’ हा हट्ट नाही, त्या वयाची समज आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी 1951 मध्ये जिनिव्हाच्या मुलांबद्दल हेच मांडलं होतं: लहान मुलं जिनिव्हा आणि स्वित्झर्लंड अशी दोन वर्तुळं शेजारीशेजारी काढायची, एकात एक नाही. आपण फळ्यावर गाव → तालुका → जिल्हा → राज्य असे बाण काढतो, त्याने घोळ वाढतो. मुलाला वाटतं, पुढच्या ठिकाणी जायचं तर मागचं सोडावं लागतं.

मैदानात खडूने एकात एक चार गोल आखा: गाव, बीड जिल्हा, महाराष्ट्र, भारत. सर्वांत आतला साधारण दोन पावलांचा, प्रत्येक पुढचा दोन-दोन पावलांनी मोठा. एका वेळी सहाच मुलं आत. गावाच्या गोलात उभ्या मुलाला विचारा, ‘तुझे पाय भारताच्या रेघेच्या आत की बाहेर?’ खाली बघून तोच सांगतो. मग एक मुलगी फक्त महाराष्ट्राच्या पट्ट्यात उभी करा: ही नागपूरची. महाराष्ट्राची आहे का? बीडची आहे का? एक मुलगा भारताच्या पट्ट्यात: हा चेन्नईचा. खरी परीक्षा उलट प्रश्नात आहे: ‘महाराष्ट्रातले सगळे बीडचे का?’ याला ‘हो’ आलं तर पुढे जाऊ नका, दुसऱ्या दिवशी गोल पुन्हा आखा.

रानजाई:
गोल उद्याच आखते. झेंडा आणि प्रतिज्ञा यांचं काय? झेंड्यात दरवर्षी अशोकचक्राचे आरे चुकतात.

पाटीपेन्सिल:
माप 18 × 12 सेंमी घ्या. 3:2 प्रमाण बसतं आणि प्रत्येक पट्टा बरोबर 4 सेंमीचा येतो. 15 × 10 घेतलं की पट्टे अपूर्णांकात अडकतात. चक्र वेगळ्या कागदावर, 3 सेंमी व्यासाचं. गोल कापून तीनदा अर्धा दुमडा, उघडला की आठ भाग. प्रत्येक भागात आणखी दोन रेघा, झाले 24 आरे. मुलं घाईत एकच रेघ मारतात आणि 16 होतात. मध्ये बारीक गोल सोडा, नाहीतर शाई साचून ठिपका होतो. रंग गडद निळा, काळा नाही.

प्रतिज्ञा पाठ असते, पण ‘पाईक’ म्हणजे काय विचारलं की वर्ग गप्प. आठवड्याला एकच शब्द घ्या: बांधव, पाईक, सौजन्य, निष्ठा. ‘सौजन्याने वागेन’ हे डबा खाताना करून दाखवायला सांगा. मूळ प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये तेलुगूत लिहिली, हे जरूर सांगा. आणि ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ घेताना पुन्हा मैदानातल्या गोलाकडे न्या: भारताच्या पट्ट्यात उभा होता तो चेन्नईचा मुलगाही बांधव.