दोनशे फॉर्म भरले, तरी पंप परत का येतोय?

उद्यमबाग लेथवाला
काल इथल्याच एकाची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणे, "दोनशे शेतकऱ्यांकडून मोबाईलवर फॉर्म भरून घेतले, बहुतेक सगळे 'चांगलं' म्हणाले. यूजर रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्याला काय अडतं ते शोधणं, संपला. शेतात जाऊन बसायची फॅशन बंद करा."

आमचा बॅटरीचा फवारणी पंप असाच बाजारात गेला होता. फॉर्मात सगळं उत्तम. पावसाळा सरला आणि पंप दुरुस्तीला यायला लागले, सगळ्यांचा स्विच गेलेला. शेवटी आपल्या बेळगावजवळच्या बेळगुंदीला एका काकांच्या रताळ्याच्या शेतावर गेलो. बघतो तर स्विचवर दुधाच्या पिशवीचा तुकडा, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर. टाकी भरताना सांडलेलं पाणी ओघळून नेमकं स्विचवर जायचं. ते आम्ही मशीन शॉपमध्ये कधी बघितलंच नव्हतं, कारण तिथं पंप टेबलावर असतो, पाठीवर नाही.

विचारलं, "काका, फॉर्मात का नाही लिहिलंसा?" तर म्हणाले, "पंप कसा आहे विचारलासा. चांगलाच आहे की. स्विचचं कुठं विचारलासा?"

आपल्याकडं पाहुण्याला कुंदा कसा झालाय विचारलं तर कोण वाईट म्हणेल? "आवडला का" हा प्रश्नच नाही. मागच्या खेपेला फवारलंसा तेव्हा काय काय केलंसा, हे विचारा. आणि विचारण्याआधी बघा.

गणपत गल्ली
तो एक म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजलास होय? एक काका विरुद्ध दोनशे फॉर्म, आणि म्हणे पुरावा! कोका-कोलानं 1985 मध्ये नवी चव आणताना जवळजवळ दोन लाख लोकांना चाखायला दिली होती. 79 दिवसांत जुना कोक परत आणावा लागला. एवढा पैसा ओतून त्यांना लोक कळले नाहीत, तुला बेळगुंदीच्या बांधावर कळणार?

उद्यमबाग लेथवाला
मर्दा, तू माझंच म्हणणं मांडलास की! दोन लाख आकडे होते, तरी आपटले. एक घोट चाखणं वेगळं, घरी आठवडाभर पिणं वेगळं.

अनगोळकर (सध्या पुणे)
दोघंही जास्त ताणताय. यूजेबिलिटी टेस्टला, म्हणजे वस्तू वापरायला देऊन कुठं अडतं ते बघायला, पाच जण पुरतात. त्यातला जाणकार नील्सननं सांगून ठेवलंय.

वडगाव माग
पूर्ण वाचा साहेब. नील्सन आणि लँडॉवर यांनी 1993 मध्ये काढलेलं गणित आहे ते. एका माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी सापडतात असं धरलं, तर पाच जणांत साधारण 85 टक्के. तोच नील्सन 2000 साली म्हणाला, पंधरा जण असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, मधे दुरुस्ती करा. आणि वापरणारे वेगळ्या जातकुळीचे असतील तर प्रत्येकातले वेगळे घ्या. आमच्या गल्लीत मागावर बसणारा एक, साडी विकणारा दुसरा. पुण्यातले पाच इंजिनिअर म्हणजे एकच माणूस पाचदा.

खानापूर_रोड
फॉर्म कुठल्या भाषेत होता, ते आधी सांगा.

गणपत गल्ली
इंग्रजी. वर कन्नड भाषांतर होतं.

खानापूर_रोड
मग संपलंच! आमच्याकडं आई घरात मराठी बोलते, पोरगं कन्नड शाळेत, मोबाईल इंग्रजीत. फॉर्म पोरानं भरला, काकूनं नाही. एका अ‍ॅपवाल्यानं माझ्या मावशीला विचारलं, "समजतंय ना?" ती म्हणाली, "हो हो." नंतर मला म्हणते, "कुठं दाबायचं ते कळंना, पण एवढा लांबून आलाय, नाही कसं म्हणू?"

टिळकवाडी_थर्ड_गेट
आणि बसच्या पाट्या? एखाद्या भागातल्या लोकसंख्येच्या 15 टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, असं 1956 पासून कागदावर आहे. स्टँडवर म्हाताऱ्या माणसाला बस कुठली हे कंडक्टरला विचारावं लागतं. हाच सगळ्यात मोठा यूजर रिसर्च, कोणी करत नाही.

गणपत गल्ली
झालं, आला सीमाप्रश्न. पंपाचं बोलत होतो आपण. आता 2004 पासूनची कोर्टातली केस पण इथंच चालवा.

टिळकवाडी_थर्ड_गेट
पंपाच्या माहितीच्या कागदावरचं शेतकऱ्याला वाचता येईना, मग काय बोलायचं? तुम्हाला दुकानात बसून सगळं सोपं.

चिकोडीकर
माझी आई कन्नड, बाबा मराठी, दोघांनाही ते कागद वाचता येत नाहीत. अक्षर मुंगीएवढं. भाषेवर भांडण्याआधी ते मोठं करा.

खानापूर_रोड
हे मात्र खरं आहे, राग आला तरी.

गणपत गल्ली
बरं बाबा, तुम्ही सगळे संत. रविवारी लेथवाल्याबरोबर बेळगुंदीला येतो. पण फॉर्म बंद करणार नाही. किती पंप कुठल्या तालुक्यात गेले आणि किती परत आले, हे बांधावर बसून मोजता येत नाही.

उद्यमबाग लेथवाला
ते मान्य, आकडा तुझाच लागेल. येताना वही आण, मोबाईल नको. आणि काकांसमोर "आवडलं का" म्हणालास तर परतीचं पेट्रोल तुझं.