अलेक्झांडरचे सेनापती पांढरेफटक का रंगवायचे?

कुंचलेकरी
परवा मी रंगवलेल्या ५४ मिमीच्या छोट्या मूर्तीच्या, म्हणजे अलेक्झांडरचा सेनापती युमेनीस याच्या, फोटोखाली 'संगमरवरी' यांनी लिहिलं, "ग्रीक जगाचा रंग पांढरा. तुमचा हा सेनापती दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मावळा झालाय." दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

अहो, पुतळे पांढरे दिसतात कारण रंग उडालेत! सिडॉनला (आजच्या लेबनॉनमध्ये) १८८७ साली सापडलेली शवपेटी इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे (नाव अलेक्झांडरचं, पेटी त्याची नव्हे). लाल, पिवळा, निळा, जांभळा, सगळ्यांच्या खुणा आहेत तिच्यावर. आणि युमेनीस आपल्या मॅसिडोनियनांना जांभळ्या टोप्या आणि झगे वाटायचा, हे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय. झगे वाटणाऱ्याला पांढऱ्यात उभा करू?

संगमरवरी
प्लुटार्क युमेनीसनंतर चारशे वर्षांनी लिहितोय. पाँपेईच्या मोझेकमधल्या (रंगीत खड्यांच्या चित्रातल्या) अलेक्झांडरचं चिलखत बघा, छातीवर गॉर्गन राक्षसिणीचं डोकं असलं तरी बरंचसं पांढरं आहे की. आणि जांभळ्याचंच म्हणाल तर टायर शहराचा उत्तम जांभळा गोठलेल्या रक्तासारखा, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. तुमचा झगा भरताच्या वांग्यासारखा आहे. रंग बाटलीतून थेट झग्यावर, मधे विचार नाही.

कुंचलेकरी
मोझेकमधल्या त्याच अलेक्झांडरच्या खांद्यावरचा झगा मात्र तुम्हाला दिसला नाही. सोयीचं मोतीबिंदू!

आखणीवाला
तुमचं ग्रीक चालू द्या. पण 'मावळा' ही शिवी कधीपासून झाली? माझे वडील पेणला गणपतींची आखणी करायचे. गणपती आटोपले की दिवाळीसाठी मावळे. बोटभर शाडूचा मावळा, त्याच्या डोळ्यांत बुबुळाचा एकेक ठिपका, आणि तेवढा वेळ श्वास रोखलेला. शेजारी आम्ही पोरं, खोकलं की धपाटा. भिंग नाही, तीन हजारांचा कुंचला नाही. इथे कोणी दोनशे जोड डोळे एका बैठकीत काढून दाखवावेत, मग बोलावं.

पावसाळी_प्रायमर
शाडूचे मावळे आता बघायला तरी मिळतात का? आमच्याकडे सगळे पीओपीचे, साच्यातून काढलेले, सगळ्यांचं तोंड एकच. जाता जाता, जुलैत गॅलरीत प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारू नका. माझा अख्खा फॅलँक्स (भालाइतांची तुकडी) पिठात लोळल्यासारखा झालाय.

आखणीवाला
पीओपीच्या मावळ्याला मी मावळा म्हणत नाही.

पावसाळी_प्रायमर
मग शाडूचा पोराच्या हातून पडला की तुकडे कोण गोळा करणार? तुम्ही येणार का पेणहून? नुसतं गहिवरायला काय जातं.

आखणीवाला
तुटला की पुढच्या वर्षी नवा आणायचा. कुंभाराचं घर त्यावरच चालतं. एवढं कळत नसेल तर प्लॅस्टिकचे घ्या, विषय संपला.

संगमरवरी
मावळ्यांचा अपमान करायचा नव्हता, भडकपणाबद्दल बोलत होतो. शब्द मागे घेतो. झग्याचा मुद्दा मागे घेत नाही. आखणीवाले, एक खरंच विचारतो. मी अँटिगोनस रंगवतोय, अलेक्झांडरचाच आणखी एक सेनापती, एका डोळ्याचा. गेलेला डोळा कसा दाखवू? नुसता काळा ठिपका दिला तर खोबणी वाटत नाही, माशी बसल्यासारखी वाटते.

आखणीवाला
काळा नको. आधी खोबणीत पातळ काव सोडा, वाळू द्या, मग वरच्या पापणीखाली गडद तपकिरी रेघ. बुबुळ काढायचं नाही.

कुंचलेकरी
किंवा ग्रीक चित्रकार अपेलीझने केलं तसं करा. त्याने अँटिगोनसचं चित्र बाजूने काढलं, फुटका डोळा पलीकडे गेला. राजा खूश, आखणी निम्मी.

बाकी, काल रात्री झग्यावर तांबूस तपकिरी वॉशचे (पातळ रंगाचे) दोन हात दिले. बरा दिसतोय, नाइलाजाने कबूल करतो. आता वांगं म्हणणं थांबवा. चिलखताला मात्र पांढरा लावणार नाही.

संगमरवरी
फोटो टाका, मग ठरवू वांगं की बीट.