मदत हवी आहे: बालवर्गात नेपाळी मुलगी

गोरेगावात आमच्या मराठी बालवर्गात जूनपासून चार वर्षांची एक मुलगी येते. आईवडील नेपाळचे, वडील जवळच्याच सोसायटीत वॉचमन. घरी नेपाळी, खाली खेळताना हिंदी. वर्गात मात्र तोंड मिटलेलं. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही काळ गप्प राहतात, त्यामुळे त्याची घाई नाही. पण ‘घरी नेपाळी बंद करा’ असं आईला कुणीतरी सांगितलंय, ते मला अजिबात पटत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही लहान वयात घरच्या भाषेवरच भर देतं. डबा, पाणी, शू यांची चित्रकार्डं केलीत. लिपी देवनागरीच, म्हणून दप्तराच्या खणावर नाव आईकडूनच लिहून घेतलं. ताईंनो, नेपाळी बडबडगीतं कुणाकडे आहेत का? आणि आईला वर्गात गाणं म्हणायला बोलवावं, की पोर आणखी बुजेल?