मदत हवी आहे: उन्हात काढलेले फोटो पांढरेफटक येतात

सांजसावली:
वर शटरची चकती, भिंगाभोवती ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाची, कडी आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखे रूप असलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा मी वापरलेला विकत घेतला आहे. घरात आणि संध्याकाळी फोटो उत्तम येतात. भर उन्हात मात्र जवळजवळ प्रत्येक फोटो इतका पांढरा येतो, की माणसांचे चेहरेही ओळखू येत नाहीत. फोटो काढताना दृश्य अगदी व्यवस्थित दिसते. शटरची चकती 'ए' वर आहे, म्हणजे वेग कॅमेऱ्यानेच ठरवायचा आहे, मग तो चुकतो कसा? रविवारी दिवसभर एका घरगुती समारंभाचे फोटो काढायचे आहेत. कृपया लवकर सांगा, आणि माहितीपुस्तिका वाचा असे कोणी सांगू नये.

तिपाई:
मॉडेल कोणते, ॲपर्चर किती आणि आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) किती, हे तिन्ही सांगितल्याशिवाय काहीही सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

लोलक:
आपण जेपेगऐवजी रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या, स्वरूपात फोटो काढावेत, असे मी सुचवेन. मी सर्व फोटो रॉमध्येच काढतो आणि उजेडाच्या चुका नंतर संगणकावर सावकाश दुरुस्त करतो.

जुनीकाच:
मला ॲपर्चरची पाती अडकल्याची शंका येते. ती उघडीच राहिली, तर अंधारात फरक कळत नाही आणि उन्हात फोटो जळतात. दुरुस्तीला द्यावा.

तिपाई:
लोलक, चेहरेच ओळखू येत नसतील, तर तिथे सेन्सर भरून गेलेला असतो, आणि जी माहिती नोंदलीच गेली नाही ती रॉमधून कुठून काढणार? जुनीकाच यांची शंका तपासणे मात्र सोपे आहे: उन्हात एक फोटो एफ/२ वर आणि दुसरा एफ/८ वर काढावा (आकडा लहान, तर भोक मोठे). दोन्ही पांढरे आले, तरच पात्यांचा विचार करू.

सांजसावली:
कॅमेरा फुजीफिल्म एक्स १०० आहे. ॲपर्चर अर्थातच एफ/२, त्यासाठीच तर तो घेतला.

चित्रवेडा:
मग प्रश्न सुटला. मेनूमध्ये इलेक्ट्रॉनिक (पात्यांविना चालणारे) शटर चालू करा, वेग १/३२००० सेकंदापर्यंत जाईल.

तिपाई:
पुढे टी किंवा एफ असे अक्षर आहे, की नुसताच एक्स १००?

सांजसावली:
नुसताच. एवढ्याने काय फरक पडतो?

तिपाई:
सगळा फरक त्यातच आहे. हा २०११ साली बाजारात आलेला पहिला एक्स १०० असून त्यात इलेक्ट्रॉनिक शटर नाही. चित्रवेडा सांगतात ती सोय २०१४ च्या एक्स १०० टीपासून मिळाली. तुमच्या कॅमेऱ्यातले लीफ शटर भिंगाच्या आतच असते आणि त्याच्या पात्यांना मधोमध उघडून पुन्हा मिटावे लागते. भोक जितके मोठे, तितका त्यांचा प्रवास लांब. म्हणून चकतीवर ४००० हा आकडा असला, तरी एफ/२ ला वेग १/१००० सेकंदापाशीच अडतो. त्याहून अधिक वेग लागला, की कॅमेरा वेगाचा आकडा लाल करून इशारा देतो, पण फोटो काढायचे थांबत नाही.

चित्रवेडा:
माझ्याकडे टी आहे, त्यामुळे माझी गल्लत झाली. तरीही लीफ शटर ही जुनाट अडचणच आहे, असे माझे मत आहे.

तिपाई:
भर उन्हात चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळायची असेल, तेव्हा याच शटरचे मोल कळते, कारण पडदेवाल्या शटरला ज्या वेगांवर फ्लॅश जुळत नाही त्यांवर ते तो सहज जुळवून घेते. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वेगाने हलणाऱ्या वस्तू तिरक्या होतात, ते वेगळेच.

नवाछंद:
मी याच मालिकेतला एक्स १०० व्हीआय घ्यावा का? ४०.२ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि हात हलल्यास सावरणारी यंत्रणा आहे, पण वजन ५२१ ग्रॅम आहे.

तिपाई:
कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा. सांजसावली, आयएसओ किती ते अजून कळलेले नाही.

सांजसावली:
८००. फिल्मसारखे रंग यावेत म्हणून डायनॅमिक रेंज (उजळ भागांतला तपशील टिकवण्याची सोय) ४०० टक्के ठेवायला एका मित्राने सांगितले होते, आणि आयएसओ ८०० च्या खाली ती निवडताच येत नाही. एफ/८ चा फोटो आत्ताच काढून पाहिला, तो अगदी व्यवस्थित आला.

जुनीकाच:
पाती ठीक आहेत तर. माझी शंका मी मागे घेतो.

तिपाई:
आता हिशेब पाहा. कडक उन्हाचा जुना ठोकताळा असा, की एफ/१६ ला आयएसओ जितका, सेकंदाचा तितकावा भाग उजेड पुरतो. आयएसओ ८०० ला एफ/२ वर याच ठोकताळ्याने १/५१२०० सेकंद लागेल, आणि कॅमेरा देतो १/१०००. म्हणजे साडेपाच स्टॉपहून अधिक जादा उजेड आत येतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). डायनॅमिक रेंज १०० टक्के करून आयएसओ २०० वर आणला, की गरज १/१२८०० वर येते. मग मेनूतला एनडी फिल्टर चालू करावा. तो कॅमेऱ्यातच बसवलेला असून तीन स्टॉप, म्हणजे आठपटीने, उजेड कमी करतो. तरीही १/१६०० लागेलच, म्हणून कडी एफ/२.८ वर न्यावी, म्हणजे १/८०० पुरेल. मागची धूसरता थोडी कमी होईल, एवढेच.

सांजसावली:
पण मग मला फोटो काढताना हे दिसले का नाही?

तिपाई:
कारण तुम्ही ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून पाहत आहात. ती खरीखुरी काचेची खिडकी आहे, तिला एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड नोंदला जाईल याचा, पत्ता नसतो. पुढचा खटका ओढून इलेक्ट्रॉनिक दृश्यावर जावे, किंवा निदान तो लाल आकडा पाहण्याची सवय लावावी.

लोलक:
आणि रॉ.

सांजसावली:
एफ/२.८, आयएसओ २०० आणि एनडी चालू करून वीस फोटो काढले, सगळे नीट आले. मनापासून आभार. नंतर घरात काढलेले मात्र सगळे काळपट आणि हललेले आहेत.

तिपाई:
एनडी बंद केला होता का? तो आपोआप बंद होत नाही. एफएन बटणावर (हवे ते काम नेमून देता येणाऱ्या) लावून ठेवा, म्हणजे रविवारी आतबाहेर करताना मेनूत शिरावे लागणार नाही.