मदत हवी आहे : आईचा ‘प्लाझ्मा’ आणि बाबांचा ‘प्लाझ्मा’ एकच का?

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह जुना. उजव्या तळपायाची जखम चार महिने झाले तरी भरत नाही. डॉपलर झालाय, रक्तपुरवठा ठीक आहे. ड्रेसिंग, खास चप्पल सगळं चालू आहे. आता एका क्लिनिकने ‘कोल्ड प्लाझ्मा’ (जखमेवर सोडायचा विद्युतभारित, पण थंड वायू) सुचवलाय आणि बाबा नाव ऐकूनच अडून बसलेत. “तुझ्या आईचं आतडं जाळलं तेच ना? मी पायाला चटका लावून घेणार नाही.”

त्यांचंही चूक नाही, पाय बधिर असल्यावर चटका कळणारही नाही. आईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शेक (रेडिएशन) दिले, त्यानंतर शौचावाटे रक्त जायचं. तेव्हा दुर्बिणीतून एपीसी, म्हणजे आर्गॉन प्लाझ्मा केलं होतं. मांडीला पट्टी चिकटवतात, आर्गॉन वायूतून करंट आतड्यापर्यंत पोचतो आणि रक्त गळणारा वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर भाजून बंद होतो. तिथे भाजणं हाच इलाज. (भाऊ म्हणे, कोरोनात देत होते तोच प्लाझ्मा. तो रक्तातला, हा वायूचा! घरात दोन दिवस हाच घोळ.)

कोल्डमध्ये, मी वाचलं त्यानुसार, तापमान ४० अंशांच्या खाली असतं. काम उष्णता करत नाही, ऑक्सिजन-नायट्रोजनचे क्रियाशील रेणू करतात. जर्मनीत पेनासारखं एक यंत्र २०१३ पासून जखमांसाठी मान्य आहे. मधुमेही पायांवरची २०२० ची तिथलीच चाचणीही सापडली. जखमा लवकर आक्रसल्या, पण जंतूंच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. क्लिनिकवाले मात्र “सगळे जंतू मरतात” यावरच भर देतात, तिथे माझी पाल चुकचुकली.

खरी भीती वेगळीच आहे. पापण्यांची सैल कातडी आवळायला ब्युटी क्लिनिकमध्ये जे प्लाझ्मा पेन वापरतात, ते ठिणगीने कातडी जाळतं. मशीनचं नाव विचारलं तर रिसेप्शनवर उत्तर मिळालं, “इम्पोर्टेड आहे.” मग हे जखमेचंच यंत्र आहे हे ओळखायचं कसं? कुठला कागद दाखवा म्हणावं? शिवाय बाबांना पेसमेकर आहे. एपीसीच्या करंटला पेसमेकरवाल्यांना जपावं लागतं, तसं इथेही आहे का?

कुणाच्या घरी मधुमेही पायावर हे केलंय का? किती सिटिंग लागल्या, आणि ड्रेसिंग तसंच चालू ठेवलं होतं का? क्लिनिकला सोमवारी हो-नाही कळवायचंय.