सभागृहं, मंगल कार्यालयं आणि फॉर्म बी: तपासणी मालकाच्या एजन्सीवर सोडायची का?

जिना_दार
महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा बसवताना लायसन्स एजन्सीचा, म्हणजे परवाना असलेल्या खाजगी एजन्सीचा, फॉर्म ए हा दाखला लागतो. त्यानंतर दर जानेवारी आणि जुलैत मालकाने किंवा भोगवटादाराने फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा अशा एजन्सीचा दाखला, अग्निशमन दलाला द्यायचा. माझं स्पष्ट मत आहे की गर्दीच्या इमारतींसाठी ही सोय काढून तपासणी दलाने स्वतः करावी. एजन्सीला पैसे मालक देतो, देखभालीचं कंत्राटही तिचंच, आणि सगळं ठीक आहे असं लिहून देणारीही तीच.

शिवाय बी भरताना पंप, हायड्रंट (आगीच्या पाण्याचा पाइप जोडायचा नळ), आग विझवायची सिलिंडर बघतात. माणसं किती मावतात हे कोण मोजतं? राष्ट्रीय बांधकाम संहितेचा (2016) हिशेब सोपा आहे. सुट्या खुर्च्या मांडल्या तर माणशी 0.65 चौ.मी., जेवणाच्या हॉलला 1.8. म्हणजे 650 चौ.मी.चा हॉल लग्न लागताना 1000 जणांचा आणि जेवणावळीला 361 जणांचा. सपाटीवरच्या दारांना माणशी 6.5 मिमी रुंदी लागते, जिन्यांना 10 मिमी. हजार जणांसाठी दारांची बेरीज साडेसहा मीटर हवी. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर जिने मिळून 10 मीटर. प्रत्यक्षात दोन मीटरचं एक दार उघडं असतं आणि बाकीच्यांपुढे स्टेजची पाठ किंवा केटररची पातेली. दोन मीटरच्या दाराचा हिशेब 307 जणांवर संपतो.

पंपरूम
दारांचं गणित मान्य, मागणी अजिबात मान्य नाही. दलाची सही झाली की मालक हात झटकणार. कायद्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, ती तिथेच राहू द्या.

यंत्रणा बंद कशी पडते ते बघा. लाइनमध्ये कुठेतरी गळती असते, म्हणून जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो. आवाजाला कंटाळून कोणीतरी पॅनलचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर करतं. मग स्प्रिंकलर (उष्णतेने फुटून पाणी फवारणारं छतातलं तोंड) फुटला तरी मुख्य पंप सुरू होत नाही. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. फायरच्या टाकीतून बागेला पाणी जातं. धुराचा डिटेक्टर खोटे अलार्म देतो म्हणून त्या भागातले सगळे डिटेक्टर बंद करून ठेवलेले असतात. यातलं प्रत्येक काम साहेब तपासून गेल्यावर आठवड्याभरात होऊ शकतं, साहेब कोणत्याही खात्याचे असोत.

उपाय पंपरूममध्येच आहे. दर आठवड्याला टेस्ट व्हॉल्व्ह उघडा. दाब उतरला की आधी जॉकी, नंतर मुख्य पंप आपोआप लागला पाहिजे. मग वीज बंद करून डिझेल पंप लागतो का ते पाहा. सर्वांत लांबच्या हायड्रंटवर पाणी चालू असताना 3.5 बार दाब मिळतो का तपासा. पाणी बंद असतानाचा आकडा लिहून उपयोग नाही, व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला तरी तो छान दिसतो.

जिना_दार
आणि या आठवड्याच्या तपासण्यांची नोंदवही जुलैत एका बैठकीत भरली गेली तर? सारखीच शाई, 26 ओळी, सगळीकडे 3.5. निदान एवढं तरी करा की देखभाल करणाऱ्या एजन्सीला त्याच इमारतीचा बी देता येऊ नये.

पंपरूम
हे चालेल. पण गाव लहान असेल तर दुसरी एजन्सी शहरातून येणार, खर्च वाढणार. तो मालकाने सोसावा, माझी ना नाही.

मांडववाला
तुम्ही दोघंही इमारतीबद्दल बोलताय. आग लागते ती आत आणलेल्या सामानाला. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिल्समध्ये 14 जण गेले. गच्चीवरच्या आच्छादनाने पेट घेतला, आणि धुरामुळे कित्येक जण स्वच्छतागृहात अडकले.

हॉलला अग्निशमन दलाची एनओसी नकाशा बघून मिळते. त्या नकाशात कापडी छत, थर्माकोलची कमान, प्लॅस्टिकची फुलं, कापडाला चिकटलेले हॅलोजन काहीच नसतं. डेकोरेशनवाला कापड स्प्रिंकलरच्या खालून ताणतो. मग उष्णता कापडाखाली अडते, स्प्रिंकलर उशिरा फुटतो आणि पाणी कापडावर पडतं. 'एक्झिट'ची पाटी झालरीमागे जाते. म्हणून प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाची एका पानाची सूचना आधी फायर स्टेशनला द्यायला लावा: किती माणसं, स्टेज कुठे, स्वयंपाक कुठे, गॅस सिलिंडर किती.

पंपरूम
लग्नसराईत स्टेशनवर अशा कागदांचे गठ्ठे येतील, ते वाचायला माणूस कुठून आणणार? त्यापेक्षा माणसांची मर्यादा बुकिंगच्या पावतीवर छापा आणि डेकोरेशनच्या करारात लिहा: दारापुढे काही नाही, स्प्रिंकलरखाली कापड नाही, सिलिंडर इमारतीबाहेर.

जिना_दार
पावती फक्त वधूपिता वाचतो. आकडा दारावर लावा, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. दंडाला घाबरून सगळं सुधारेल असं मला वाटत नाही, कारण कायद्यात 20 ते 50 हजार रुपये आणि सहा महिने ते तीन वर्षं कैद आधीपासून आहे. नोटीस काढून इमारत सील करण्याचा अधिकार वापरा. एका शनिवारी एक हॉल सील झाला की शहरातले बाकीचे दुसऱ्या दिवशी दारं मोकळी करतील.

मांडववाला
शनिवारी सील केलंत तर रविवारचं लग्न रस्त्यावर. सोमवारी करा.

जिना_दार
रविवारी त्याच हॉलमध्ये हजार माणसं आत जाणार असतील तर शनिवारीच.

पंपरूम
माझी आणखी एक सूचना आहे. टाकी धुवायला रिकामी केली किंवा पंप दुरुस्तीला उघडला, तर फायर स्टेशनला त्याच दिवशी लेखी कळवायचं: काय बंद, कधीपासून कधीपर्यंत, कोणता मजला संरक्षणाविना राहिला, जबाबदार माणसाचा मोबाइल नंबर. आणि तेवढे दिवस बुकिंग बंद. दलाची गाडी आली आणि इमारतीच्या हायड्रंटला पाणी नाही हे पाइप जोडल्यावर कळलं, तर ती मिनिटं परत मिळत नाहीत.